मोजून खायला घालूनही वजन उतरत नाही: चूक नेमकी कुठे शोधायची

"पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा कमीच देतो, रोज फिरायला नेतो, तरी वजन हलायला तयार नाही." कुत्रा पाळणारे असोत की मांजर, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. तिचीच दुसरी बाजू म्हणजे, "दोन किलो उतरलं होतं, चार महिन्यांत परत चढलं." दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. जनावराच्या पोटात किती ऊर्जा जाते, याचा घरच्यांच्या मनातला आकडा आणि खरा आकडा यांत मोठी तफावत असते.

लगेच थायरॉइडची तपासणी करायला धावू नका, आणि "आमच्या जातीचा बांधाच असा" असं म्हणून सोडूनही देऊ नका. लॅब्राडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल आढळतो हे खरं आहे. २०१६ साली 'पॉम्सी' जनुकातला हा बदल शोधून काढण्यात आला. पण त्या बदलामुळे कुत्रा जास्त मागतो आणि भांड्यात टाकणारे हात तर आपलेच असतात.

हा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं, आणि तेही आयुष्यभर. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगले ते) १३ वर्षं निघालं, दुसऱ्या गटाचं ११.२ वर्षं. सांधेदुखीचे उपचारही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागले. जवळजवळ दोन वर्षांचा सहवास ही काही छोटी गोष्ट नाही.

आधी हाताने तपासा, मग काट्यावर

जातीच्या तक्त्यातलं 'आदर्श वजन' बघू नका. एकाच जातीत हाडापेराने लहान-मोठे कुत्रे असतात. बरगड्यांवर हात फिरवा. आपल्या पालथ्या हाताच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी पातळ कातडीखाली सहज लागतात, तशा बरगड्या लागल्या तर वजन ठीक. दाबल्याशिवाय लागतच नसतील तर चरबी जास्त आहे. वरून पाहिल्यावर बरगड्यांच्या मागे कंबर आत जायला हवी, आणि बाजूने पाहिल्यावर पोट मागच्या पायांकडे वर चढत जायला हवं. केसाळ जातींमध्ये नजर पार फसते, तिथे फक्त हातावर विश्वास ठेवा.

पशुवैद्य यासाठी ९ गुणांची पट्टी वापरतात. कुत्र्याला ४ ते ५ आणि मांजराला ५ हा चांगला गुण. पाचाच्या वरचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण १० टक्के जादा वजन, असा ढोबळ हिशोब आहे. समजा कुत्रा ३४ किलोचा आहे आणि गुण ७ आला, म्हणजे तो आदर्शापेक्षा २० टक्के जड आहे. ३४ ला १.२ ने भागा, उत्तर २८ किलोच्या आसपास येतं. ३४ मधून २० टक्के वजा करायचे नाहीत, कारण ते २० टक्के २८ चे आहेत. हाच नमुना मी पुढे सगळीकडे वापरणार आहे: नसबंदी झालेला प्रौढ कुत्रा, आज ३४ किलो, लक्ष्य २८.

पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी मादी यांना हा लेख लागू नाही. वाढत्या पिल्लाचं अन्न मनाने कापायचं नसतं.

भांड्यात खरंच किती पडतं

तपासणी इथून सुरू करायची, कारण ही सगळ्यात सोपी आणि चूक सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ड्राय फूडसोबत मिळालेलं प्लॅस्टिकचं माप घ्या, रोज भरता तसंच भरा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ओता. मग घरातल्या दुसऱ्या माणसाला तेच करायला सांगा. आकडे जुळणार नाहीत. एकजण माप सपाट भरतो, दुसरा शीग लावतो, तिसरा "अजून थोडंसं" म्हणून चार दाणे वर टाकतो. शिवाय माप घनफळाचं असतं आणि दाण्याचा आकार प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्यामुळे जुन्या पाकिटाचं माप नव्या पाकिटाला चालत नाही.

नमुन्यातल्या कुत्र्याचं पाहू. पाकिटावरच्या तक्त्यात ३४ किलोला ४५० ग्रॅम लिहिलं आहे. घरचे म्हणतात, आम्ही कमीच देतो, दिवसाला चार मापं, एकेक ९० ग्रॅमचं, म्हणजे ३६० ग्रॅम. काट्यावर शीग लावलेलं माप १०४ ग्रॅम भरलं. चार मापांचे ४१६ ग्रॅम झाले, रोजचे ५६ ग्रॅम कोणाच्याही लक्षात न येता जास्त.

आणि तो पाकिटावरचा तक्ता! तो चुकीचा नसतो, पण तो कोणासाठी असतो हे बघायला हवं. तो सरासरीने हालचाल करणारा प्रौढ प्राणी डोळ्यांसमोर ठेवून बनवतात. नसबंदी झालेल्या, दिवसाचा बराच वेळ झोपून काढणाऱ्या कुत्र्याची गरज त्याहून बरीच कमी असते. वर आपण तक्त्यात आजचं वजन शोधतो, म्हणजे अंगावरच्या जादा चरबीलाही जेवायला घालतो.

भांड्याबाहेरचा हिशोब

घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, सगळ्यांसमोर नाही. गोळी लपवण्यासाठी दिलेला चीजचा तुकडा कोणालाच 'खाणं' वाटत नाही. पण २० ग्रॅम चीज म्हणजे साधारण ८० किलोकॅलरी. केसांना चमक यावी म्हणून अन्नावर टाकलेलं चमचाभर तेल ४० किलोकॅलरी. एक उकडलेलं अंडं ७५ च्या आसपास. दोन मध्यम बिस्किटं धरली तर ८०. बेरीज २७५ झाली.

हेच पदार्थ ४ किलोच्या कुत्र्याला दिले तर काय होतं पाहा. त्याची विश्रांतीतली, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी लागणारी, ऊर्जेची गरज दिवसाला २०० किलोकॅलरीच्याही आत आहे, म्हणजे तो एकटा चीजचा तुकडाच तिच्या ४० टक्के झाला. लहान जातीच्या कुत्र्यांचं वजन वाढतं ते बहुतेक वेळा भांड्यामुळे नाही, हातातून दिलेल्या घासांमुळे. मोठ्या कुत्र्यासाठीचे दात साफ करायचे चघळते तुकडेही ऊर्जेने भरलेले असतात. त्यांच्या पाकिटावरचा आकडा एकदा तरी वाचाच.

वरखाऊ पदार्थांतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून जास्त जाऊ नये, हा नियम पशुआहारतज्ज्ञ सर्रास वापरतात. त्यामागे वजनाइतकंच पोषणाचंही कारण आहे: वरखाऊ पदार्थ समतोल नसतात, आणि त्यांनी जागा अडवली की समतोल अन्न तेवढं कमी जातं.

यावर माझा एक ठाम सल्ला आहे. सकाळी दिवसभराचं ड्राय फूड काट्यावर मोजून एका झाकणाच्या डब्यात काढून ठेवा. शिकवताना द्यायचा दाणा, मुलांना हौसेने द्यायचा घास, रात्रीचं जेवण, सगळं त्याच डब्यातून. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचं संपलं. घरात चार माणसं असतील आणि प्रत्येकाला वाटत असेल की सकाळी कुत्र्याला कोणीच खायला दिलं नाही, तर हा डबा दुसऱ्याच दिवशी सत्य सांगतो.

अन्नात ऊर्जा किती, ते पाकिटावरून काढणं

काही पाकिटांवर चयापचय ऊर्जा, म्हणजे मलमूत्रावाटे जाणारी वजा करून शरीराला खरी मिळणारी ऊर्जा, सरळ छापलेली असते. ती किलोमागे आहे की १०० ग्रॅममागे, हे बघा. किलोज्यूलमध्ये असेल तर ४.१८४ ने भागून किलोकॅलरी काढा. हा भागाकार विसरला तर आकडा चौपट दिसतो आणि जनावर उपाशी राहतं.

ऊर्जा छापलेली नसेल तर घटकांच्या तक्त्यावरून काढता येते. नमुन्यातलं पाकीट असं आहे: प्रथिनं २४ टक्के, स्निग्ध १४, तंतू ४, ओलावा १०, राख ८. कर्बोदकं सहसा लिहिलेली नसतात, ती उरलेल्या वजाबाकीतून येतात: १०० वजा २४, १४, ४, १० आणि ८, म्हणजे ४०. राख लिहिलेली नसेल तर ड्राय फूडला ७ ते ८ आणि डब्यातल्या ओल्या अन्नाला २ धरा. ती विसरलात तर तेवढी कर्बोदकं फुकट वाढतात. राख म्हणजे भेसळ नव्हे. नमुना जाळल्यावर मागे राहतात ती खनिजं.

आता प्रथिनं आणि कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅमला ३.५ आणि स्निग्धाला ८.५ किलोकॅलरी धरा.

२४ × ३.५ = ८४
१४ × ८.५ = ११९
४० × ३.५ = १४०

एकूण १०० ग्रॅमला ३४३ किलोकॅलरी. माणसांच्या अन्नासाठी ॲटवॉटर यांचे ४, ९, ४ हे आकडे वापरतात. पाळीव प्राण्यांच्या तयार अन्नाची पचनीयता सरासरीने कमी, म्हणून ते थोडे खाली आणले आहेत. घरी शिजवलेल्या, सहज पचणाऱ्या अन्नाला मात्र ४, ९, ४ च जवळचे ठरतात.

या पद्धतीची एक उणीव माहीत असू द्या. तंतू जास्त असलेल्या अन्नाची ऊर्जा ती फुगवून सांगते, आणि कमी तंतूंच्या, चांगल्या पचणाऱ्या अन्नाची कमी दाखवते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००६ च्या ग्रंथात यावर उपाय दिला आहे. थोडा लांबचा आहे, पण वजन उतरवण्याचं जास्त तंतूंचं अन्न देत असाल तर करण्यासारखा आहे. पहिल्यांदा एकूण ऊर्जा काढायची: प्रथिनं × ५.७, स्निग्ध × ९.४, कर्बोदकं आणि तंतू मिळून × ४.१. आपल्या पाकिटाला हे ४४८.८ येतं. मग पचनीयता: कुत्र्यासाठी ९१.२ मधून, कोरड्या भागातल्या तंतूंच्या टक्केवारीच्या १.४३ पट वजा. ओलावा १० टक्के असल्यामुळे ४ टक्के तंतू कोरड्या भागात ४.४४ होतात, आणि पचनीयता येते ८४.८ टक्के. पचलेली ऊर्जा ३८१ च्या आसपास. त्यातून मूत्रावाटे जाणारी, म्हणजे प्रथिनांच्या दर ग्रॅममागे १.०४, वजा केली की उरतात ३५६ किलोकॅलरी. मांजरासाठी हेच आकडे ८७.९, ०.८८ आणि ०.७७ असे घ्यायचे.

३४३ आणि ३५६ मध्ये फरक ४ टक्क्यांचा. शिगेच्या मापाने केलेली चूक १५ टक्क्यांहून मोठी होती. म्हणून आधी काटा, मग सूत्रं.

पाकिटावर प्रथिनं आणि स्निग्धाच्या पुढे 'किमान', तंतू आणि ओलाव्याच्या पुढे 'कमाल' लिहिलेलं असेल तर खरे आकडे वेगळे असू शकतात. स्निग्ध किमान १४ लिहून प्रत्यक्षात १६ असलं तर १०० ग्रॅममागे स्निग्धाच्याच १७ किलोकॅलरी वाढतात. शंका असेल तर कंपनीला सरासरी विश्लेषण आणि चयापचय ऊर्जा लेखी विचारा. चांगली कंपनी देते. न देणाऱ्या कंपनीचं अन्न मी स्वतः वजन उतरवताना वापरणार नाही.

प्रथिनांच्या आकड्याविषयीही थोडं सांगायला हवं. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही. केल्डाल यांच्या १८८३ च्या पद्धतीने नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. २००७ साली उत्तर अमेरिकेत प्राण्यांच्या अन्नातल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं सापडलं, कुत्रीमांजरी मूत्रपिंडं निकामी होऊन मेली आणि मोठ्या प्रमाणावर माल परत बोलवावा लागला. मेलामाइन हे कारखान्यात वापरायचं रसायन नायट्रोजनने भरलेलं असतं, त्यामुळे कागदावर ते प्रथिनच दिसत होतं. पाकिटावरचा टक्का हा नायट्रोजनवरून काढलेला टक्का आहे. ते प्रथिन कशातून आलं आणि किती पचतं, हे त्यातून कळत नाही.

ओल्या अन्नाची तुलना ड्राय फूडशी थेट करू नका. डब्यावर प्रथिनं १० टक्के आणि ओलावा ८० टक्के असेल तर कोरड्या भागात प्रथिनं ५० टक्के झाली. ३० टक्के प्रथिनं आणि १० टक्के ओलाव्याचं ड्राय फूड कोरड्या भागात ३३ टक्क्यांवरच थांबतं. ऊर्जेत उलटं होतं. तशा ओल्या अन्नात १०० ग्रॅमला जेमतेम ८५ ते ९० किलोकॅलरी असतात. त्याचं एक माप काढून तिथे ड्राय फूडचं एक माप टाकलं, तर पोटात कितीतरी पट ऊर्जा जाते.

घरी शिजवणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा खड्डा कच्च्या आणि शिजलेल्या वजनाचा आहे. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ३६० किलोकॅलरी, आणि १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३०. तक्ता कच्च्याचा घेतला आणि काट्यावर शिजलेलं ठेवलं, की सगळा हिशोब कोलमडतो. आणि नुसतं मांस-भात हे काही पूर्ण अन्न नव्हे. मांसात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम अगदीच कमी असतं. घरच्या अन्नाची पाककृती पशुआहारतज्ज्ञाकडून बांधून घ्या.

गरज किती

विश्रांतीतल्या ऊर्जेची गरज म्हणजे ७० गुणिले वजनाचा ०.७५ वा घात. हा घात मॅक्स क्लायबर यांच्या १९३२ च्या मांडणीतून आला. शरीर मोठं होतं तशी किलोमागची गरज कमी होत जाते. १० किलोच्या कुत्र्याला ३९४ किलोकॅलरी लागतात, तर ४० किलोच्या कुत्र्याला चौपट लागत नाहीत, १,११३ लागतात.

घाताला घाबरायचं कारण नाही. साध्या कॅल्क्युलेटरवर वजन तीनदा एकमेकांना गुणा, वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, ७० ने गुणा. २८ × २८ × २८ = २१,९५२. पहिलं वर्गमूळ १४८.२, दुसरं १२.१७. गुणिले ७० म्हणजे ८५२ किलोकॅलरी. '३० गुणिले वजन अधिक ७०' असं एक सोपं सूत्र फिरत असतं. ३४ किलोला ते १,०९० सांगतं, खरं उत्तर ९८६ आहे. बटण दोनदा दाबायला वेळ लागत नाही, ते सोपं सूत्र सोडून द्या.

विश्रांतीच्या आकड्याला मग गुणक लावतात. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला १.६, न झालेल्याला १.८, वजन वाढण्याकडे कल असेल तर १.४. नसबंदी झालेल्या मांजराला १.२, न झालेल्याला १.४. वजन उतरवायचं असेल तर लक्ष्य वजनावर कुत्र्याला १.० आणि मांजराला ०.८.

इथेच पुष्कळ लोक थांबतात आणि फसतात. हे गुणक म्हणजे सरासरी आहे. एकाच वजनाच्या, एकाच वयाच्या दोन कुत्र्यांची खरी गरज एकमेकांपासून खूप लांब असू शकते. सूत्र तुमच्या कुत्र्याला ओळखत नाही. त्याला ओळखण्याचा मार्ग एकच, वही.

पंधरा दिवसांची वही

खाणं बदलू नका. आज जसं चाललंय तसंच चालू ठेवा, फक्त प्रत्येक गोष्ट काट्यावर ठेवून लिहा. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वजन करा, सकाळी, खाण्याआधी, त्याच काट्यावर. पंधरा दिवसांत वजन जागचं हललं नाही, तर रोजची सरासरी हीच त्या जनावराची वजन टिकवण्याची खरी गरज. कोणत्याही सूत्रापेक्षा हा आकडा जास्त खरा.

आपल्या कुत्र्याची वही: ड्राय फूड ४१६ ग्रॅम म्हणजे १,४२७ किलोकॅलरी, वरखाऊ २७५, एकूण १,७०२. घरच्यांच्या मनातला आकडा होता ३६० ग्रॅम, १,२३५ किलोकॅलरी. रोज ४६७ किलोकॅलरीची तफावत, आणि एकही माणूस खोटं बोलत नव्हता.

आता किती द्यायचं? सूत्र म्हणतं ८५२, म्हणजे आजच्या निम्मं. मी इथे सूत्राचं ऐकणार नाही. चरबीच्या एका किलोत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात. १,७०२ वरून ८५२ वर उडी मारली तर आठवड्याला सुमारे ५,९५० ची तूट, म्हणजे पाऊण किलोहून थोडं जास्त, वजनाच्या सव्वादोन टक्के. कुत्र्याचं वजन आठवड्याला १ ते २ टक्क्यांनी उतरावं. त्याहून वेगाने उतरलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि भुकेला कुत्रा घर डोक्यावर घेतो. मग तिसऱ्याच आठवड्यात घरचे हार मानतात.

वहीतला आकडा २५ टक्क्यांनी कापा. १,७०२ चे १,२७७ झाले. आठवड्याची तूट सुमारे २,९७५, वजनात ४०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १.१ टक्के. त्यातले १० टक्के, सुमारे १२८, वरखाऊसाठी बाजूला काढले की ड्राय फूडला १,१४९ उरतात. ३.४३ ने भागा, ३३५ ग्रॅम.

घरच्यांना वाटत होतं आम्ही ३६० देतो आणि काहीच होत नाही. खरे ३३५ दिले की वजन उतरायला लागेल. भांडं बघून फरक कळणारही नाही.

दर दोन आठवड्यांनी वजन करा. अजिबात हललं नाही तर आणखी १० टक्के कापा. आठवड्याला २ टक्क्यांहून जास्त उतरत असेल तर १० टक्के वाढवा. एका वजनावर निर्णय घेऊ नका. पोटातलं अन्न, पाणी आणि आतड्यातली घाण यांनी आकडा सहज वरखाली होतो.

कापत कापत फार खाली आलात तर एक धोका आहे. तयार अन्नातली प्रथिनं, खनिजं आणि जीवनसत्त्वं पूर्ण खुराक धरून घातलेली असतात. अमेरिकेतले प्रचलित निकष प्रौढ कुत्र्याला १,००० किलोकॅलरीमागे किमान ४५ ग्रॅम प्रथिनं सांगतात. एखादं अन्न जेमतेम या रेषेवर असेल, तर १,३६० किलोकॅलरी खाणाऱ्या कुत्र्याला त्यातून ६१ ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि ७६५ खाणाऱ्याला फक्त ३४. ऊर्जा निम्म्यावर आणली म्हणून शरीराची प्रथिनांची गरज निम्मी होत नाही. वहीतला आकडा मुळातच कमी असेल आणि त्यातूनही मोठी कपात करायची असेल, तर वजन उतरवण्यासाठी बनवलेल्या, ऊर्जेच्या मानाने प्रथिनं जास्त असलेल्या अन्नावर पशुवैद्यांच्या सल्ल्याने जा.

वही सूत्राच्या खाली निघाली तर

काटेकोर लिहूनही कुत्रा लक्ष्य वजनाच्या विश्रांतीच्या गरजेपेक्षा कमी खातो आणि वजन तरी वाढतंय, असं दिसलं तर दोन शक्यता. शेजारी, मुलं, दुसऱ्या प्राण्याचं भांडं, कचऱ्याची पेटी यांपैकी काहीतरी वहीत आलेलं नाही. किंवा आजार आहे. थायरॉइड मंदावलेला कुत्रा सुस्तावतो, त्याचे केस विरळ होतात. कुशिंगच्या आजारात पाणी खूप पितो, लघवी वाढते, पोट लोंबायला लागतं. स्टिरॉइड आणि फिटसाठी दिलं जाणारं फिनोबार्बिटोन भूक वाढवतात. पोट फुगलंय पण बरगड्या आणि पाठीचा कणा हाताला टोचतोय, तर ती चरबी नसेल, पोटात पाणीही असू शकतं. तेव्हा खाणं कापू नका, दवाखान्यात जा. वही सोबत न्या, डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

खाऊनही वजन घटतंय ही उलट तक्रार असेल तर हिशोब करत बसू नका. जंत, मधुमेह, म्हाताऱ्या मांजरात वाढलेला थायरॉइड, कुत्र्यात स्वादुपिंडाची पाचकरसं कमी पडणं, यांपैकी कशानेही ते होतं आणि त्याला तपासणीच लागते.

मांजर असेल तर

मांजराला उपाशी ठेवून वजन उतरवायचा विचारही करू नका. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस खाणं सोडलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. नवं अन्न दिलं आणि मांजराने एक दिवस तोंड लावलं नाही, तर जुनं अन्न परत द्या आणि डॉक्टरांना फोन करा. अन्न बदलायचं ते आठवडा-दीड आठवडा दोन्ही मिसळून, हळूहळू.

वेग आठवड्याला अर्धा ते एक टक्का ठेवा. ६ किलोच्या मांजराला हे ३० ते ६० ग्रॅम होतात, आणि माणसांचा वजनकाटा एवढा फरक दाखवतच नाही. बाळांचा काटा वापरा किंवा दवाखान्यातल्या काट्यावर तोलत जा. लक्ष्य ४.५ किलो असेल तर विश्रांतीची गरज २१६, तिच्या ०.८ पट १७३ किलोकॅलरी. १०० ग्रॅमला ३८० किलोकॅलरीच्या ड्राय फूडचे ते ४५ ग्रॅम होतात. एवढ्याशा खुराकात ५ ग्रॅमची चूक म्हणजे ११ टक्के. मांजराला मापाने देणं मला म्हणूनच मान्य नाही, एक ग्रॅम दाखवणारा काटाच हवा. ओलं अन्न चालत असेल तर त्यात ऊर्जा कमी आणि पोट भरल्यासारखं जास्त, मांजराला ते बहुतेक वेळा मानवतं. घरात दोन मांजरं असतील तर वेगळ्या खोलीत, वेळ ठरवून द्या, आणि उरलेलं उचलून ठेवा. भांडं दिवसभर भरून ठेवलं तर कोण किती खातं हे कधीच कळत नाही.

उतरलेलं वजन परत का चढतं

कुत्रा २८ वर आला की घरचे आनंदाने जुन्या खुराकावर, नाहीतर तक्त्यातल्या २८ किलोच्या ओळीवर जातात. वजन उतरवलेल्या कुत्र्याची गरज मात्र उतरवताना दिलेल्या खुराकापेक्षा थोडीशीच जास्त असते. त्याला १.६ चा गुणक लावला तर वजन परत चढतंच.

लक्ष्य गाठलं की खुराक ५ ते १० टक्क्यांनी वाढवा आणि दोन आठवडे थांबा. वजन अजून उतरत असेल तर पुन्हा तेवढाच वाढवा. दोन लागोपाठ वजनं एकसारखी आली की तिथेच थांबा. तो आकडा किलोकॅलरीत लिहून ठेवा, ग्रॅममध्ये नाही, कारण उद्या पाकीट बदललं की ग्रॅम बदलणार. नवं पाकीट फोडण्याआधी त्याची १०० ग्रॅममागची ऊर्जा काढून डब्यावर नवे ग्रॅम चिकटवा. पुढे महिन्यातून एकदा वजन करत राहा, आणि ३ टक्के वाढ दिसली की त्याच आठवड्यात पुन्हा पंधरा दिवसांची वही सुरू करा.